नकार कोणी द्यायचा?

२००० साली आलेल्या 'ब्रिंग इट ऑन' या अमेरिकन चित्रपटाकडे चळवळीतल्या माणसाने वळून पाहावे असे वरवर काही नाही. शाळकरी मुलींचा विनोदी चित्रपट. सामन्याच्या वेळी घोषणा देत, नाचत, कसरती करीत आपल्या संघाला जोर आणणारी चिअरलीडर मुलींची पथके आणि त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा, एवढाच विषय. २००८ साली आयपीएलबरोबर अशी पथके वानखेडेवर आली तेव्हा गिरगावकरांनीही ती पाहिली. परंतु या हलक्याफुलक्या कथेच्या पोटात चोरीचा मामला आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे.

सॅन डिएगोच्या श्रीमंत शाळेचे गोरे पथक पाच वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेले. नवी कर्णधार टोरन्स हिला कळते की त्यांच्या घोषणा आणि नाच ईस्ट कॉम्प्टनच्या काळ्या मुलींकडून चोरलेले आहेत. त्या मुलींजवळ कला होती, स्पर्धेला जाण्यापुरता पैसा नव्हता. म्हणून निर्मिती एकीची आणि करंडक दुसरीचा!

चित्रपट चोरीला चोरी म्हणतो, ही त्याची जमेची बाजू. परंतु त्याचा मुक्काम चोराच्याच घरी आहे. टोरन्सचे आईबाप, भाऊ, प्रेमप्रकरण सारे दिसते. काळ्या पथकाची कर्णधार इसिस हिचे घर मात्र दिसत नाही. चोरी हा गोऱ्या मुलीच्या नैतिक शिक्षणाचा धडा होतो. शेवटी इसिसचे पथक पहिले येते, टोरन्सचे दुसरे, आणि सगळे आनंदात. जुन्या पाच करंडकांचे काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

तरीही एका प्रसंगासाठी हा चित्रपट पाहावा. टोरन्स आपल्या बापाच्या कंपनीचा चेक घेऊन येते. इसिस तो फाडून टाकते. तिला भीक नको, बरोबरीची स्पर्धा हवी. पुढे तिचे पथक आपल्याच वस्तीतून मोठ्या झालेल्या एका बाईची मदत मिळवून स्पर्धेला जाते.

हा चेक पाहताना पवळा आठवते. खोताच्या वाडीतून निघून पायी जाता येते त्या पिला हाऊसच्या परिसरात एकेकाळी तमाशाचे फड गाजत. त्या काळातली हिवरगावची पवळा ही महार स्त्री. तिच्या जोडीला रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव. बापूराव चोर नव्हते. लावण्या त्यांच्या होत्या, फडासाठी त्यांनी स्वजातीचा रोषही पत्करला. परंतु १९५० साली चित्रपट निघाला तो 'पठ्ठे बापूराव' या नावाने. गळा आणि पाय जिचे होते, तिच्या नावाने नव्हे.

बापूरावांनी फडाचे उत्पन्न चळवळीला देऊ केले, आणि महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, ही हकीकत आपल्यात अभिमानाने सांगितली जाते. तो नकार आवश्यकच होता. जातीने ज्या स्त्रियांना फडात उभे केले, त्यांच्या समाजाने त्या पैशावर उभे राहणे म्हणजे जातीलाच मान्यता देणे झाले असते. पण ही हकीकत सांगताना आपण काय करतो? देणारा बोलतो, नाकारणारा बोलतो. जिच्या घामाचा तो पैसा होता ती पवळा कुठेच बोलत नाही. तिला काय वाटले असेल, हे आपण विचारीतही नाही. तिची कला प्रस्थापितांनी घेतली आणि तिची लाज आपण वाटून घेतली. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रीला केंद्रस्थानी आणले. हा प्रश्न मराठीत आपणच विचारायला हवा होता.

इसिसचा नकार मोठा वाटतो तो एवढ्यासाठी की कलाही तिची आणि नकारही तिचाच. एका बाजारू चित्रपटाने एका काळ्या मुलीला जो अधिकार दिला, तो आपल्या आठवणीत पवळेला अजून नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात लावणी बसवणाऱ्या शिक्षकांनी मुलींना ठेक्याबरोबर पवळेचे नावही शिकवावे. आणि आपण ती हकीकत पुन्हा सांगू तेव्हा तिसरे माणूस तिथे उभे होते, हे विसरू नये.