पत्त्यांची गणना आणि पणाचे प्रमाण : ‘बीट द डीलर’ व ‘ब्रिंगिंग डाउन द हाउस’ यांतील जोखीमविचाराची चिकित्सा

प्रस्तावना

द्यूताचा विचार आपल्याकडे बहुधा नीतीच्या अंगाने होतो. वनपर्वातील नलोपाख्यान मात्र त्यात ज्ञानाचाही प्रश्न उपस्थित करते. ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या वृक्षावरील पाने व फळे क्षणात मोजून दाखवितो आणि नलाला अक्षहृदय ही विद्या देतो. ती प्राप्त होताच नल पुष्कराशी पुन्हा खेळतो आणि सर्वस्व एकाच डावावर लावून गेलेले राज्य परत मिळवितो. येथे गणनेचे ज्ञान म्हणजे जयाची खात्री असे समीकरण आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाभोवती जे लेखन झाले, त्यात हेच समीकरण नव्या रूपात आढळते काय, हे दोन ग्रंथांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एडवर्ड थॉर्प यांचे ‘बीट द डीलर’ (१९६२) आणि बेन मेझरिच यांचे ‘ब्रिंगिंग डाउन द हाउस’ (२००२) हे ते दोन ग्रंथ होत. दुसऱ्या ग्रंथावर आधारित ‘२१’ (२००८) या चित्रपटाचाही येथे विचार केला आहे.

गणनेचे स्वरूप व तिची मर्यादा

ब्लॅकजॅकमध्ये वाटून झालेले पत्ते लगेच पुन्हा पिसले जात नाहीत, त्यामुळे उरलेल्या पत्त्यांचे स्वरूप बदलत जाते. दहा किमतीचे पत्ते व एक्के अधिक उरले की स्थिती खेळाडूस अनुकूल होते. प्रचलित ‘हाय-लो’ पद्धतीत २ ते ६ या पत्त्यांना अधिक एक, ७ ते ९ यांना शून्य, तर दहा किमतीच्या पत्त्यांना व एक्क्याला उणे एक असे मूल्य दिले जाते. आलेल्या बेरजेस उरलेल्या जोडांच्या संख्येने भागले की खरी गणना मिळते. ती एकने वाढली की खेळाडूची बाजू साधारणतः अर्ध्या टक्क्याने सुधारते.

याचा अर्थ असा की, चांगल्या स्थितीतही हाती येणारी अनुकूलता एक-दोन टक्क्यांची असते. नलाची विद्या फासा वश करते. थॉर्प यांची विद्या केवळ पारडे किंचित झुकल्याचे सांगते. म्हणून एका डावावर सर्वस्व लावणे नलाला शोभते, पण गणना करणाऱ्या खेळाडूला ते विनाशक ठरते. किती लावावे हा प्रश्न येथे गणनेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्वाचा होतो.

पणाचे गणित

या प्रश्नाचे उत्तर बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांच्या १९५६ च्या शोधनिबंधात मिळते. त्याकडे थॉर्प यांचे लक्ष क्लॉड शॅनन यांनी वेधले. भांडवलाचा जो अंश पणाला लावावा, तो अनुकूलतेस डावाच्या प्रचरणाने भागून मिळतो, असा त्याचा ब्लॅकजॅकपुरता सारांश होय. या खेळात एका डावाचे प्रमाण विचलन पणाच्या सुमारे १.१५ पट असते. त्यामुळे अनुकूलता १ टक्का असता १०,००० डॉलर भांडवलावर साधारण ७५ डॉलरचाच पण योग्य ठरतो.

पणाचा आकार बदलला की काय घडते, हे नेहमीच्या सूत्राने काढता येते. हेच भांडवल व हीच अनुकूलता धरून ५० डॉलरचा ठराविक पण लावल्यास कधी ना कधी दिवाळे निघण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, १०० डॉलर लावल्यास २२ टक्के आणि २०० डॉलर लावल्यास ४७ टक्के येते. तिन्ही उदाहरणांत खेळाडूची गणना निर्दोष आहे. येथे प्रत्येक डाव अनुकूल मानला आहे. प्रत्यक्षात बहुतेक डाव तसे नसतात, त्यामुळे वास्तव याहून कठोर असते. शिवाय असे सुमारे १३ हजार अनुकूल डाव खेळल्यावरही सहांपैकी एक खेळाडू तोट्यातच असेल.

केलीचे सूत्रही सौम्य नाही. ते पूर्णपणे पाळल्यास भांडवल कधीतरी निम्म्यावर येण्याची शक्यता ५० टक्के असते. पण निम्मा केल्यास ती साडेबारा टक्क्यांवर येते, आणि वाढीचा तीन चतुर्थांश वेग टिकून राहतो. उलट पण दुप्पट केला तर दीर्घकालीन वाढ शून्य होते. पॉल सॅम्युअलसन यांनी तर वाढीचा वेग हेच प्रत्येकाचे उद्दिष्ट का मानावे, असा मूलभूत आक्षेप घेतला होता.

दोन ग्रंथ, दोन दृष्टी

‘बीट द डीलर’चे शीर्षक विजयाची ग्वाही देते, आणि अनेक वाचकांनी त्यातील तक्तेच उचलले. परंतु ग्रंथातील सर्वांत बोलका प्रसंग पणाविषयीचा आहे. १९६१ मध्ये दोन धनिकांनी थॉर्प यांना खेळण्यासाठी १ लाख डॉलर देऊ केले. थॉर्प यांनी १० हजारांवर खेळणे पसंत केले, लहान पणांनी सुरुवात केली आणि सुमारे ११ हजार डॉलर जिंकले. कागदावरील अनुकूलता व प्रत्यक्ष टेबलावरील आपली कुवत यांत अंतर असू शकते, याची ही जाण आहे. ग्रंथाचे खरे शिक्षण या संयमात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मेझरिच यांच्या ग्रंथात एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा चमू खेळतो. काही जण लहान पण लावून गणना ठेवतात आणि स्थिती अनुकूल होताच मोठा खेळाडू येऊन मोठा पण लावतो. या रचनेचे चित्रण लेखकाने वेषांतर, खुणा व पाठलाग यांच्या अंगाने केले आहे. तिचे गणिती मर्म मात्र वेगळे आहे. दहा जणांनी प्रत्येकी १० हजार एकत्र केले, तर प्रत्येकाला १ लाखाच्या भांडवलाप्रमाणे पण लावता येतो आणि चढउतार सर्वांत वाटले जातात. सामायिक भांडवलाचा हा विचार कथनात झाकोळला आहे.

चित्रपटात ही उणीव अधिक ठळक होते. नायक भावनेच्या भरात, उठण्याची खूण मिळूनही खेळत राहतो आणि २ लाख डॉलर गमावतो. म्हणजे हार होते ती स्वभावदोषामुळे. शिस्त पाळणारा हरत नाही, हा त्यातून निघणारा अर्थ गणिताच्या नेमका विरुद्ध आहे.

कथेकडून गणिताची अपेक्षा का करावी, असा आक्षेप येथे घेता येईल. तो कल्पित कादंबरीस लागू पडला असता. मेझरिच यांचा ग्रंथ मात्र उपशीर्षकातच ‘आतली गोष्ट’ सांगण्याचा दावा करतो, आणि त्यातील अनेक प्रसंग कल्पित वा संमिश्र असल्याचे वृत्त २००८ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ने दिले होते. सत्यकथेच्या नावाने जोखीम लपविली गेली, तर तिची किंमत अनुकरण करणारा वाचक मोजतो.

निष्कर्ष

१. गणना अनुकूलता दाखविते, खात्री देत नाही. टिकाव पणाच्या प्रमाणावर अवलंबून असतो.

२. थॉर्प यांच्या ग्रंथात हा विवेक आचरणातून प्रकट होतो. मेझरिच यांच्या ग्रंथात तो नाट्याखाली दबतो.

३. निर्दोष खेळूनही हार होऊ शकते, हे न सांगणारे कथन नलाच्या विद्येचेच आधुनिक रूप आहे. थॉर्प पुढे शेअर बाजाराकडे वळले. तेथील यशोगाथा वाचतानाही ‘किती जिंकले’ याआधी ‘किती पणाला लावले होते’ हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे.