पाठराखण कुणाची?

पुस्तकाच्या मलपृष्ठावरील शिफारशीला मराठी प्रकाशक ‘पाठराखण’ म्हणतात. शब्द लग्नघरातला आहे. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की एखादी पोक्त बाई पाठराखीण म्हणून तिच्यासोबत जाते. परक्या घरात पोर एकटी पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. लवकरच प्रसिद्ध होणाऱ्या एका कादंबरीच्या अशा चार पाठराखणी सध्या माझ्यासमोर आहेत. कादंबरीचा विषय आहे प्राध्यापकाने विद्यार्थिनीचे केलेले लैंगिक शोषण. पाचवी पाठराखण मी लिहावी असा प्रकाशकांचा आग्रह आहे, कारण मी कऱ्हाटीतल्या एका महाविद्यालयात शिकवते, बाई आहे आणि ‘त्या समाजातली’ आहे. हस्तलिखित मात्र त्यांनी पाठवलेले नाही. कादंबरीचा सारांश आणि चार नामवंतांचे अभिप्राय, एवढ्यावर माझी सही त्यांना हवी आहे.

न वाचलेल्या कादंबरीविषयी मी काही बोलणार नाही. अभिप्राय मात्र मी वाचले आहेत.

धाडसी, दाहक, निर्भीड, हादरवून टाकणारी. ही विशेषणे आमच्या ओळखीची आहेत. सत्तरच्या दशकात दलित लेखनाच्या गळ्यात प्रस्थापित समीक्षेने हेच हार घातले होते. दाहकता मान्य केली की दाह कुणी दिला हे विचारावे लागत नाही, ही त्यातली सोय. चारही अभिप्राय लेखकाच्या धाडसावर आहेत. जिच्यावर हे सारे गुदरले ती मुलगी एकेका वाक्यात ‘बळी’ म्हणून येते आणि जाते. चौथ्याने तर कहर केला आहे. प्राध्यापकाच्या पात्रालाही लेखकाने माणूस म्हणून समजून घेतले, याचे त्याला विशेष कौतुक. विद्यार्थिनी माणूस म्हणून उभी राहिली आहे की नाही, हे त्याला विचारावेसेही वाटलेले नाही.

प्रस्तावना किंवा शिफारस मुळातच वाईट, असे मी म्हणत नाही. अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’ला (१९५९) वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची आहे. ते जग आपले नाही, त्यातले कितीतरी शब्द आपल्याला कळत नाहीत, हे तेंडुलकरांनी लपवले नाही. अर्थ त्यांनी कवीलाच विचारले. पाठ राखणाऱ्याने आधी आपले अज्ञान समोर ठेवावे, हा त्यातला प्रामाणिकपणा. तरीही दलित कवीला दारात उभे करून आतल्या माणसाने ‘येऊ द्या याला’ म्हणण्याची रीत त्यामुळे मोडली नाही. (बारामतीला आश्रयदात्यांचे नवल नाहीच. मोरोपंतांना नाईकांचा वाडा होता.)

आणि ज्यांना असा कुणी मिळाला नाही त्या? नीरेपलीकडे, फलटणला बेबीताई कांबळे आपल्या दुकानात बसून लिहीत होत्या, आणि लिहिलेले वीस वर्षे घरच्यांपासून लपवीत होत्या. मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळे ते लेखन बाहेर आले, ‘स्त्री’ मासिकात छापले गेले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने निघाले. घरातल्या पुरुषाचा मारही ज्या बाईने कागदावर मांडला, तिने वह्या दडवल्या त्या भयापोटी. अशा वहीला पाठराखण हवी असते, आणि ती छापण्याआधी हवी असते.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. केट एलिझाबेथ रसेल यांची ‘माय डार्क व्हेनेसा’ ही कादंबरी अमेरिकेत मार्च २०२० मध्ये आली. पंधरा वर्षांची विद्यार्थिनी आणि बेचाळीस वर्षांचा शिक्षक यांची ती कथा. प्रकाशनापूर्वीच स्टीफन किंगसारख्यांची शिफारस तिच्यावर होती. वेंडी ऑर्टिझ या लॅटिन अमेरिकी वंशाच्या लेखिकेने आपल्या शिक्षकाने केलेल्या शोषणाची आठवण ‘एक्स्कव्हेशन’ या नावाने २०१४ साली एका छोट्या प्रकाशनाकडून काढली होती. कुणाच्या जखमेला मोठे प्रकाशनगृह मिळते आणि कुणाच्या जखमेला मिळत नाही, हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला. त्यातून झालेल्या गदारोळात रसेल यांना जाहीर करावे लागले की कादंबरीमागे आपले स्वतःचे अनुभव आहेत. म्हणजे बाईने कादंबरी लिहिली तरी शेवटी तिच्याकडूनच पुरावा मागितला गेला. शिफारस करणाऱ्यांना कुणी काही विचारले नाही.

सही काय करू शकते याचे उदाहरण महाराष्ट्राशी निगडित आहे. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. पुढे देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली कायदा बदलला. ही चार नावे एका मुलीच्या पाठीशी उभी होती. माझ्यासमोरची चार नावे एका प्रकाशनाच्या पाठीशी आहेत.

आणि २०१७ चा ऑक्टोबरही विसरता येणार नाही. दलित समाजातून आलेल्या, कायदा शिकणाऱ्या राया सरकार यांनी विद्यापीठांतल्या आरोप असलेल्या प्राध्यापकांची यादी जाहीर केली, तेव्हा नामवंत स्त्रीवादी अभ्यासकांनी निवेदन काढून ती मागे घ्यायला सांगितले: रीतसर प्रक्रिया व्हावी. प्रक्रियेचा आग्रह चुकीचा नव्हे. निनावी आरोपांत धोका आहेच. पण ही प्रक्रिया कुणाच्या उंबऱ्यापर्यंत पोचते, हे दलित-बहुजन मुलींनी विचारले, त्याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात नाही.

कागदावर सारे आहे. २०१३ चा कायदा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत. अंतर्गत समितीवर विभागप्रमुख, अधिष्ठाता बसू नयेत, प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन निवडून आलेले विद्यार्थी असावेत, बाहेरची एक व्यक्ती असावी. तक्रार साधारण तीन महिन्यांत द्यायची. आता निमगाव केतकीहून किंवा सुप्याहून एसटीने येणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. माझ्याकडे अशा मुली येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न कलमाचा नसतो. ‘मॅडम, घरी कळणार नाही ना?’ घरी कळले की पास बंद, शिक्षण बंद, आणि उन्हाळ्यात लग्न. शिवाय अंतर्गत गुण सरांच्या हातात, शिष्यवृत्तीच्या अर्जाची वाट महाविद्यालयाच्या कचेरीतून जाणारी, संशोधनाला बसली तर प्रत्येक अहवालावर मार्गदर्शकाची सही. ज्या हाताने ओरबाडले त्याच हाताची सही पुढच्या सत्रात लागणार असते. तीन महिने तिला कसे पुरावेत?

या साऱ्यात जात कुठे आहे, असे एका सहकाऱ्याने मला विचारले. तक्रार आली की पहिली कुजबुज काय असते ते त्याने आठवावे: गुणांसाठी केले असेल, ‘त्यांच्यात’ असे चालतेच. सवर्ण मुलीच्या चारित्र्यावर शंका घेतली जाते. आमच्या मुलीच्या बाबतीत शंका घेण्याचेही कष्ट पडत नाहीत, निकाल आधीच लागलेला असतो.

म्हणून कादंबरी हातात आली की मी त्यात विशेषणे शोधणार नाही. त्या मुलीला आडनाव आहे का, ते पाहीन. तिच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कुणाच्या टेबलावर अडला आहे, वसतिगृहाच्या बाईने त्या संध्याकाळी काय पाहिले आणि का गिळले, समितीच्या बैठकीत शिपायाला बाहेर का पाठवले, तिची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली असताना निरोप घेऊन कोण आले. आणि प्राध्यापकाचे अंतरंग उलगडायला लेखकाने किती पाने खर्च केली, तेही मोजीन.