संशोधनपद्धतीचे शिक्षण : संख्या आणि गुण

सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'संशोधनपद्धती' हा विषय आता अपरिहार्य झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही पूर्वअभ्यासक्रम बंधनकारक केला, आणि त्यात संख्यात्मक पद्धतींचा निर्देशही केला. विषयाचे महत्त्व अशा रीतीने मान्य झाले, हे इष्टच होय. परंतु तो ज्या प्रकारे शिकविला जातो, त्याविषयी तितके समाधान मानता येत नाही. क्रमिक पुस्तकात संख्यात्मक पद्धती एका प्रकरणात येतात, गुणात्मक पद्धती दुसऱ्या. पहिल्यात प्रश्नावली, नमुना-निवड, कोष्टके आणि काय-वर्ग कसोटी. दुसऱ्यात मुलाखत, सहभागी निरीक्षण आणि जीवनवृत्तांत. परीक्षेत 'दोहोंतील भेद स्पष्ट करा' असा प्रश्न ठरलेलाच. विद्यार्थी दोन रकाने आखतो. एकात 'वस्तुनिष्ठ' आणि 'व्यापक', दुसऱ्यात 'व्यक्तिनिष्ठ' आणि 'सखोल' असे लिहितो, आणि त्याला गुण मिळतात. हे गुण अर्थातच परीक्षेतले.

या शिक्षणाचे फळ प्रबंधिकेत दिसते. शंभर उत्तरदाते, चाळीस प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला एक कोष्टक, आणि प्रत्येक कोष्टकाखाली तेच आकडे शब्दांत पुन्हा सांगणारा परिच्छेद. विद्यार्थ्याने 'गुणात्मक' मार्ग पत्करला असेल, तर कोष्टकांच्या जागी मुलाखतींतील उतारे येतात. ते का निवडले आणि कोणते वगळले, याचा उल्लेख बहुधा नसतो. दोन्ही प्रकारांत तंत्र असते, कष्टही असतात. नसतो तो एक विचार: ज्या वस्तूची मोजणी करावयाची ती 'एक' कशी ठरविली, आणि ज्या माणसाचे म्हणणे टिपून घेतले तो कोणाच्या वतीने बोलत होता. संख्या आणि गुण यांची गाठ मोजणी सुरू होण्यापूर्वीच पडते. ती कोणत्याच प्रकरणात न आल्यामुळे विद्यार्थ्याला ती भेटतच नाही.

महाराष्ट्रातील ग्रामसंशोधनाच्या इतिहासात या गाठीचे एक उत्तम उदाहरण आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे आदी सहकाऱ्यांसह पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती 1917 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. (आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगराच्या पोटात गेले असून तेथे शेताऐवजी सदनिका उभ्या आहेत.) या ग्रंथातील एक आकडा फार प्रसिद्ध आहे: सरासरी जमीनधारणा 1771 मध्ये 40 एकर होती, ती 1915 पर्यंत 7 एकरांवर आली. मॅन यांच्या पाहणीच्या वेळी गावातील 81 टक्के धारणा दहा एकरांहून लहान होत्या आणि 60 टक्के पाच एकरांहूनही लहान होत्या. भारतीय शेतीच्या दुरवस्थेवर लिहिणाऱ्या कित्येकांनी हे आकडे उद्धृत केले आहेत. ग्रंथ मात्र त्या मानाने फार थोड्यांनी वाचला असावा.

तो वाचला असता तर ध्यानात आले असते की, मॅन यांचे खरे कार्य या सरासरीत नाही, त्यांनी केलेल्या वर्गीकरणात आहे. कुटुंबांचे त्यांनी तीन गट पाडले. केवळ जमिनीवर ज्यांचा निर्वाह नीट चालतो तो पहिला, बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्याने ज्यांचे भागते तो दुसरा, आणि ही जोड मिळूनही ज्यांची तोंडमिळवणी होत नाही तो तिसरा. बहुसंख्य कुटुंबे या तिसऱ्या गटात निघाली. आता, तोंडमिळवणी होत नाही हे कसे ठरवावयाचे? त्यासाठी कुटुंबाची आवश्यक गरज कोणती, लग्नातला खर्च गरजेत धरावयाचा की चैनीत, कर्जाचे व्याज कोठे मांडावयाचे, शेतावर राबणाऱ्या घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल करावयाचे की नाही, हे आधी ठरवावे लागते. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर अंकगणित देऊ शकत नाही. ते गावात बसून, लोक काय बोलतात आणि प्रत्यक्षात काय करतात हे पाहूनच द्यावे लागते. तीन रकान्यांतील प्रत्येक आकडा अशा निर्णयांवर उभा आहे, आणि निर्णय बदलला की कुटुंब एका रकान्यातून दुसऱ्यात जाते. मॅन यांच्या श्रेष्ठत्वाची दुसरी खूण अशी की, पुणे-खडकीच्या सान्निध्याने हे गाव अपवादात्मक ठरले असेल काय, ही शंका त्यांनी मनात राहू दिली नाही. शहरापासून दूर असलेले जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव निवडून कानिटकरांसह त्यांनी दुसरी पाहणी केली. ती 1921 मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील स्थितीही चांगली निघाली नाही.

या दृष्टीने 'कुटुंब' हा साधा शब्दच घ्यावा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या व्याख्येनुसार एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकातून जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. मराठी माणसाला ही व्याख्या समजावून देण्याची गरज नाही. 'एक चूल' म्हटले की पुरे. पण सातबाराच्या उताऱ्यावर वेगळे झालेले भाऊ एका चुलीवर जेवतात, आणि एकाच खात्यावर नावे असलेल्या भावांच्या चुली कधीच्या वेगळ्या झालेल्या असतात. जमीन खात्यावरून मोजावी आणि माणसे चुलीवरून, तर दरडोई धारणेचा जो आकडा निघेल तो दोन वेगळ्या मापांची बेरीज-वजाबाकी असेल. हा धोका संख्याशास्त्राच्या कोणत्याही सूत्राने टळत नाही. उंबऱ्याशी उभे राहून 'स्वयंपाक एकत्र होतो का?' असे विचारणाऱ्याला तो दिसतो, आणि प्रश्न विचारताना सासू व सून एकमेकींकडे कशा पाहतात हे ज्याला दिसते त्याला अधिक स्पष्ट दिसतो.

हाच प्रकार राष्ट्रीय प्रमाणावर घडला तो जनगणनेत. 1961 च्या जनगणनेत हंगामी कामाच्या बाबतीत हंगामाच्या बहुतांश काळात रोज एक तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती 'काम करणारी' धरली गेली. 1971 मध्ये प्रत्येकाला मुख्य व्यवसाय विचारण्यात आला. निंदणी, खुरपणी, मळणी करणाऱ्या असंख्य स्त्रियांचा मुख्य व्यवसाय 'घरकाम' असा लिहिला गेला, आणि काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कागदावर निम्म्यावर, किंबहुना त्याच्याही खाली आले. शेतातल्या बाया शेतातच होत्या. बदलला होता तो प्रश्न. या दोन आकड्यांची तुलना करून स्त्रियांच्या श्रमाच्या 'ऱ्हासा'वर प्रबंधिका लिहिणाऱ्याला कोणत्या पद्धतीत नापास करावे, संख्यात्मक की गुणात्मक?

संख्येचे कैवारी या बाबतीत अजाण होते, असे मात्र समजू नये. उलट, त्यांतील थोरांना माणसाच्या हाताचा आकड्यावर होणारा परिणाम पक्का ठाऊक होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी 1911 मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे आणि बंगालचे प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यामधील वाद या दृष्टीने प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा. पिकाचा अंदाज पूर्वी आणेवारीने, म्हणजे अधिकाऱ्याच्या नजरेने होत असे. त्याऐवजी यदृच्छेने निवडलेल्या जागी ठराविक क्षेत्रफळाचे पीक कापून वजन करण्याची रीत आली. महालनोबीस यांनी लहान वर्तुळाकार तुकडे वापरले. ते स्वस्त पडत, म्हणून पुष्कळ घेता येत. सुखात्मे यांनी 1946 मध्ये 'नेचर' या नियतकालिकातून दाखविले की, लहान तुकड्यावरून काढलेले उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येते. त्याचे कारण सूत्रात नव्हते, ते बांधावर होते. तुकड्याच्या कडेवर येणारे रोप आत धरावे की बाहेर, असा संशय पडला की कापणाऱ्याचा कल ते आत घेण्याकडे असतो; आणि तुकडा जितका लहान, तितका क्षेत्रफळाच्या मानाने त्याचा परिघ मोठा. महालनोबीस यांचे म्हणणे असे की, प्रशिक्षित सेवकांकडून हा दोष आवरता येतो. त्यांनीही मनुष्यस्वभावावर डोळे मिटून विश्वास टाकला नव्हता. एकाच प्रदेशाचे परस्परस्वतंत्र नमुने दोन निरनिराळ्या तुकड्यांकडे सोपवून त्यांचे आकडे ताडून पाहण्याची युक्ती त्यांचीच. भारतीय नमुनाशास्त्राचा हा गाजलेला वाद अखेर विळा हाती घेतलेला माणूस कसा वागतो, या निरीक्षणावर येऊन ठेपतो. वर्गात तो शिकविला जातो तेव्हा सूत्रे फळ्यावर येतात, विळा येत नाही.

दुसऱ्या बाजूची उणीवही तितकीच मोठी आहे. 'गुणात्मक' म्हणजे मोजणीची कटकट नसलेले, अशी समजूत विद्यार्थ्यांत बळावली असून तिला एका थोर ग्रंथाचा चुकीचा आधार दिला जातो. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या एका गावात 1948 मध्ये क्षेत्रकार्य केले; गावाला त्यांनी रामपुरा हे नाव दिले. 1970 च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्ड येथील आगीत त्यांच्या सिद्ध केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या आणि मुख्यतः स्मरणावर विसंबून त्यांनी 'द रिमेंबर्ड व्हिलेज' हा ग्रंथ लिहिला, तो 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. ही कथा सांगून झाल्यावर विद्यार्थी असा बोध घेतो की, टिपणे नसली तरी चालते. वास्तविक त्या टिपणांची जुळवाजुळव श्रीनिवास यांनी अनेक वर्षे केली होती. स्मरणात राहिले ते त्या श्रमामुळे. या ग्रंथाचा आणखी एक विशेष असा की, लेखकाने आपण कोठून पाहिले हे लपविलेले नाही. पाटलाच्या आश्रयाने राहिल्यामुळे आणि स्वतः ब्राह्मण असल्यामुळे गावाचे दर्शन आपल्याला वरच्या जातींच्या बाजूने अधिक घडले, हे त्यांनी सांगितले आहे. दलित वस्ती आणि स्त्रियांचे जग त्या मानाने अंधुक राहिले, ही टीका त्या कबुलीनंतरही उरतेच. पण ती करता येते, कारण लेखकाने उभे राहण्याची जागा दाखविली आहे. जी प्रबंधिका ही जागा दाखवीत नाही तिच्यावर टीकाही करता येत नाही.

दोन्ही विद्या एका हाती असूनही त्यांचा मेळ किती कठीण, हे इरावती कर्वे यांच्या लेखनावरून दिसते. मुंबईला घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली शिकून त्या बर्लिनला गेल्या. तेथे ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत 149 कवट्यांची मापे घेऊन, कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध असावा हे गुरूचे गृहीतक आपल्या मोजणीतून सिद्ध होत नाही, असे या विद्यार्थिनीने लिहिले. मापावरची अशी निष्ठा पुढेही टिकली. 1963 मध्ये य. भा. दामले यांच्यासह त्यांनी ग्रामसमाजातील समूहसंबंधांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आप्तसंबंध, जात आणि वस्ती यांचा गावातील व्यवहारावर होणारा परिणाम दोन्ही प्रकारच्या सामग्रीने पडताळण्याचा प्रयत्न होता. प्रयत्न स्तुत्य, परंतु ग्रंथात कोष्टकांची गर्दी अशी की, त्यांतून वाट काढणाऱ्या वाचकाच्या हाती विवेचन फार थोडे लागते. याउलट पंढरीच्या वारीवरचा त्यांचा मराठी लेख, जो 1962 मध्ये इंग्रजीतूनही प्रसिद्ध झाला, एकही कोष्टक न देता जातीचे कार्य उघड करतो: एकाच दिंडीत एकाच नामघोषात चालणारी माणसे जेवायला मात्र वेगळी बसतात. हे पाहावयास चालावे लागले. तथापि त्या लेखातून किती दिंड्यांत असे घडते, हे कळत नाही. आणि कोष्टकांतून वेगळे बसणाऱ्यांना त्याचे काय वाटते, हे कळत नाही. एकाच विदुषीच्या या दोन कृती शेजारी ठेवून वाचल्या, तर विद्यार्थ्याला दोन रकान्यांच्या उत्तराहून पुष्कळ अधिक समजेल.

तेव्हा अभ्यासक्रमात आणखी एका प्रकरणाची भर घालून हा प्रश्न सुटणारा नाही. 'मिश्र पद्धती' या नावाचे प्रकरण अनेक ठिकाणी आलेच आहे आणि त्याचाही तिसरा रकाना झाला आहे. करण्याजोगी गोष्ट साधी आहे. महालनोबीस यांची युक्ती वर्गाच्या मापाने वापरावी. एकाच वस्तीतील तीस घरे दोन विद्यार्थ्यांनी, एकमेकांना न विचारता, स्वतंत्रपणे नोंदवावीत. किती चुली, किती कमावती माणसे, किती जमीन. नंतर दोघांच्या याद्या समोरासमोर ठेवाव्यात आणि जेथे आकडे जुळत नाहीत त्या घरी दोघांनी पुन्हा जावे. तफावत चुकीच्या बेरजेने पडली, प्रश्नाच्या शब्दांनी पडली, की एकीला घरातील सुनेने उत्तर दिले आणि दुसऱ्याला सासऱ्याने, हे त्यांनी लिहून काढावे. या लेखनालाच प्रबंधिकेचे पहिले प्रकरण मानावे. यासाठी संगणक लागत नाही, अनुदान लागत नाही. एक सत्र आणि बसचे भाडे एवढेच लागते.

अडचण आहे ती परीक्षकांची. असे प्रकरण समोर आल्यास त्याला किती गुण द्यावयाचे, हे सध्याच्या गुणपत्रकात कोठेच सांगितलेले नाही. 'साहित्याचा आढावा', 'नमुना-निवड', 'विश्लेषण' आणि 'निष्कर्ष' या शीर्षकांखाली गुण वाटले जातात. दोन याद्या जुळल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगणारा विद्यार्थी त्यांतील एकाही शीर्षकाखाली बसत नाही. तोंडी परीक्षेत त्याला बहुधा विचारले जाईल की, मग यांतली बरोबर यादी कोणती.