‘ब्लॉक’चा पुनर्वापर आणि अंबरी नहरीची नोंद : एक चिकित्सा

‘ऑटोकॅड’मधील ‘ब्लॉक’ महाविद्यालयांतून बहुधा वेळ वाचविणारी सोय म्हणून शिकविला जातो. वस्तुतः प्रत्येक ब्लॉक हे वस्तूंच्या एकसारखेपणाविषयीचे विधान असते. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’मध्ये मूळ आकृती आणि तिच्या प्रती यांचे नाते मांडले, मूळ बदलताच प्रतीही बदलतात. ब्लॉक त्याच कुळातला. ‘डब्ल्यूब्लॉक’ आज्ञेने तो स्वतंत्र फाइल होऊन अन्य रेखाचित्रांतही वापरता येतो.

कारखान्यातून येणाऱ्या खिडक्यांना हे शोभते. परंतु हर्सूल परिसरातून खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पाणी पुरविणारी मलिक अंबरची नहर नोंदवायची झाल्यास? सतराव्या शतकाच्या आरंभीच्या या भूमिगत वाहिनीवरील मॅनहोल हातबांधणीची. जमिनीच्या चढउताराप्रमाणे त्यांची खोली वेगळी. सर्वत्र एकच ब्लॉक बसविला की नकाशा सुबक होतो, आणि न मोजलेलेही मोजल्यासारखे दिसते. दोष आज्ञेचा नव्हे, वापराचा आहे.

ब्लॉक केवळ स्थानदर्शक खूण म्हणून ठेवावा, खोली, पडझड व मोजणीचा दिनांक ‘अ‍ॅट्रिब्यूट’मध्ये भरावा, छेद मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र काढावा. (घाईत कोणी ‘एक्स्प्लोड’ केले की भरलेल्या नोंदी जातात, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगणे बरे.) ऑटोकॅड २००६ पासूनचा ‘डायनॅमिक ब्लॉक’ लवचीक खरा, तथापि त्याची लवचीकता आरेखकाने आधी ठरविलेली असते, आणि ढासळलेली भिंत त्या मापांत बसत नाही.