चळवळीची प्रकृती

मराठीतून हिंदीत भाषांतर करताना 'चळवळ' हा शब्द मला दर वेळी अडवतो. इथे रायपुरात त्याला सरसकट 'आंदोलन' म्हणतात. मराठीत मात्र दोन्ही शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आंदोलन पेटतं, चिघळतं, मागे घेतलं जातं. ते जिंकलं की फसलं, एवढंच विचारायचं असतं. चळवळ मरगळते, पुन्हा उभारी धरते. तिला प्रकृती असते. ती तपासायची कशी, हे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या पुस्तकाइतकं नेमकं मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

समाजाची प्रगती त्यातल्या स्त्रियांनी केलेल्या प्रगतीवरून मोजावी, हा बाबासाहेबांचा विचार सगळ्यांना पाठ आहे. तो त्यांनी मांडला २० जुलै १९४२ रोजी, नागपूरच्या दलित महिला परिषदेत. (रायपूर तेव्हा त्याच प्रांतात होतं आणि राजधानी नागपूर होती, हे इथे आता फारसं कुणाला आठवत नाही.) पण हा विचार सांगणारे लगेच आकड्याकडे वळतात: परिषदेला पंचवीस हजार स्त्रिया होत्या! आकडा मोठाच आहे. मात्र मंडपातली गर्दी त्या दिवसाचा उत्साह सांगते, प्रकृती नाही.

पुस्तकातला १९३७ चा प्रसंग घ्या. अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं होतं. जाईबाई चौधरी तिथे गेल्या होत्या. एके काळी ओझी वाहून पोट भरणाऱ्या आणि पुढे अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढणाऱ्या या बाई. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवलं गेलं. व्यासपीठावर स्त्रियांची उन्नती आणि पंगतीत विटाळ. त्या अधिवेशनाचे ठराव वाचून हे कधीच कळलं नसतं.

म्हणूनच मला या पुस्तकाचा मुलाखतींचा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्यात बायका सभांबद्दल बोलता बोलता घराकडे वळतात: नवऱ्याचा विरोध, बाळंतपणं, हातची गेलेली मुलं. आधीचा इतिहासाचा भाग परिश्रमाचा आहे, पण परिषदा, ठराव, अध्यक्षा अशी त्याची चाल कधी कधी नोंदवहीची होते. माझी तक्रार एवढीच, की हे दोन भाग एकमेकांना पुरेसे भिडत नाहीत. १९४२ च्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाचा निषेध केला. हे ठराव या मुलाखतींतल्या घरांशेजारी ठेवून पाहायला हवे होते. वंदना सोनाळकर यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे (२००८) पुस्तक दूरवर पोचलं आहे. छत्तीसगडची चळवळ समजून घेणाऱ्यांनी तरी ते वाचावं.

कारण शंकर गुहा नियोगींची चळवळ कधी संपली, असं इथे विचारलं की बहुतेक जण तारीखच सांगतात: २८ सप्टेंबर १९९१. त्या रात्री भिलाईत नियोगींचा खून झाला. पण दल्ली राजहरात खाणकामगारांनी १९८३ मध्ये उभारलेलं शहीद हॉस्पिटल त्यानंतरही रुग्ण तपासत राहिलं. मग चळवळ जिवंत म्हणायची का? मला हाही पुरावा अपुरा वाटतो. दवाखाना संस्था म्हणून टिकू शकतो. जून १९७७ च्या गोळीबारात गेलेल्या अकरा जणांत अनसूयाबाई होत्या. संघटनेत बायका मोठ्या संख्येने होत्या. नियोगींचं आणि नियोगींविषयीचं लेखन पुष्कळ आहे, पण या बायकांच्या तोंडून आलेलं फार थोडं.

त्यांतल्या अनेकींचं आता वय झालं असेल. पवार आणि मून जशा घराघरांत जाऊन बसल्या, तसं कुणीतरी दल्ली राजहरात बसायला हवं. मोर्च्याच्या दिवशी पोरं कुणाकडे ठेवली होती? संघटनेने दारू सोडायला लावली, ती घरात किती दिवस सुटली? यंत्रं येऊन हातचं काम जाणार असं दिसलं, तेव्हा आधी कुणाचं जावं असं घरात ठरलं?