‘पाण्याची गाठ’ : पित्तनलिकेच्या एका विकाराची परिभाषा

वैद्यकाच्या प्रांतात भाषाभ्यासकाने पाऊल टाकावे काय, अशी शंका घेतली जाईल. परंतु मीरा-भाईंदरसारख्या शहरात सोनोग्राफीचा अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, पुष्कळदा हिंदीत समजावला जातो व घरी मराठीत सांगितला जातो. या प्रवासात ‘सिस्ट’ची ‘पाण्याची गाठ’ होते. प्रस्तुत टिपणात या शब्दयोजनेचीच चिकित्सा करावयाची आहे.

पित्तनलिकेच्या जन्मजात विकारात नलिकेला बाहेरून पिशवी चिकटलेली नसते. बहुधा नलिकाच फुगलेली असते. ‘पाण्याची गाठ’ म्हटले की पाणी काढले म्हणजे काम झाले, असा ग्रह होतो. नवल हे की, शल्यविदही एके काळी असेच करीत. फुगीर भाग आतड्यास जोडून पित्ताला वाट करून दिली जाई. पुढे त्या उरलेल्या भिंतीत जंतुसंसर्ग, खडे आणि काही रुग्णांत कर्करोग आढळू लागला. म्हणून आता तो भाग समूळ काढून यकृतनलिका आतड्यास जोडतात. दोष भिंतीत आहे, द्रवात नाही. म्हणून ‘पित्तनलिका-विस्फार’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो.

तोदानी यांच्या १९७७ च्या वर्गीकरणातील पाच प्रकारांपैकी तिसऱ्याची गोष्ट मात्र निराळी. व्हीलर यांनी १९४० मध्ये त्यास ‘कोलेडोकोसील’ हे नाव दिले. येथे नलिकेचे शेवटचे टोक ग्रहणीच्या भिंतीत फुगते. नाव पित्तनलिकेचे, पण आतील अस्तर अनेकदा ग्रहणीचे! कर्करोगाचा धोकाही पहिल्या प्रकाराहून कमी मानला जातो व पुष्कळदा दुर्बिणीतून छेद देऊन भागते. त्यास इतरांच्या रांगेत बसविणे ही वर्गीकरणाची सोय होय, तर्क नव्हे.

याच जागी ग्रहणीची द्विरुक्त पुटीही असू शकते. तिला आतड्यासारखी स्नायूंची भिंत असते. सोनोग्राफीत आत उजळ व बाहेर काळसर अशी दुहेरी कड दिसते. पित्ताशी संबंध आहे की नाही हे एमआरसीपीने वा किरणोत्सारी द्रव्याच्या तपासणीने पाहतात. परंतु क्वचित या पुटीतही पित्त शिरते, म्हणून एकाच खुणेवर विसंबता येत नाही. पोटदुखी, कावीळ व हातास लागणारा गोळा हे पाठ्यपुस्तकी त्रिकूट तर थोड्याच रुग्णांत एकत्र भेटते.

‘ग्रहणी’ हा शब्दही निर्दोष नाही. आयुर्वेदात तो अवयवाचा आहे आणि रोगाचाही. घरात ‘संग्रहणी’ म्हणजे जुनाट अतिसार. ग्रीकांनी या भागास बारा बोटांच्या लांबीवरून नाव दिले. ‘द्वादशांगुल’ हा त्याचा सरळ अनुवाद रोगाचा आभास तरी निर्माण करीत नाही. तो रूढ होईल अशी आशा मला फारशी नाही. तोवर अहवाल समजावताना निदान एवढे सांगावे, की फुगलेली आहे ती नळी, आणि ती नुसती रिकामी करून भागत नाही.