धोक्यात आहे, पण कोणत्या कलमाखाली?

मराठवाड्यातल्या तलावांतल्या माशांवरचे शोधनिबंध वाचायला घेतले की साचा पटकन लक्षात येतो. पाण्याचा पीएच, प्रजातींची यादी, समोर आययूसीएनचा दर्जा आणि शेवटी 'संवर्धनाची गरज आहे'. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरणेवरचा माझा पहिला मसुदाही असाच होता. परीक्षकांनी एकच विचारलं, "संरक्षण कोणत्या कलमाखाली?" मी गप्प.

पहिली चूक इथेच होते. आययूसीएनची लाल यादी म्हणजे कायदा नव्हे. शिवडा (वालागो अट्टू) त्या यादीत 'असुरक्षित' आहे, पण एवढ्यावरून कुणावर गुन्हा दाखल होत नाही. शिवाय दर्जा बदलतो. टॉर खुद्री हा महसीर आधी 'संकटग्रस्त' होता. २०१८च्या मूल्यमापनात तो 'कमी चिंतेचा' ठरला. तरी जुनाच दर्जा उतरवून काढणारे निबंध आजही येतात. यादी कोणत्या वर्षी पाहिली, तेवढं तरी लिहा ना!

आता कायदा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'प्राणी' या शब्दाच्या मूळ व्याख्येत उभयचर, पक्षी, सस्तन आणि सरपटणारे होते, मासा नव्हताच. व्हेल शार्क अनुसूचीत आला तो २००१ साली, म्हणजे समुद्रातला. नदीतला मासा आपल्याकडे बराच काळ 'मत्स्यव्यवसाय' या खात्यात राहिला: पकडायचा, वाढवायचा, विकायचा.

मग अधिवासाचं काय? इथे आंबोलीचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशाचं वर्णन २०२० साली प्रसिद्ध झालं आणि २०२१ साली राज्य सरकारने हिरण्यकेशी मंदिराजवळची २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. आधार २००२च्या जैवविविधता अधिनियमातलं कलम ३७. जागा वाचली की मासा वाचेल, हा विचार मला पटतो. पण तो झऱ्यापुरता. नवी प्रजाती, मंदिराचा परिसर, छोटं पाणी, सगळं जुळून आलं होतं. बंधाऱ्यांनी तुकडे झालेल्या, उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या नदीला २.११ हेक्टरचं माप कसं लावणार?

त्यात आपला जिल्हा दोन खोऱ्यांत विभागलेला. तेरणा-मांजरा गोदावरीकडे, सीना-बोरी भीमेकडे. 'जिल्ह्यातील मासे' अशी एकच यादी केली की कुठला डोह राखायचा, हेच त्यातून कळत नाही.

त्याच अधिनियमाचं कलम ४१ स्थानिक संस्थांना जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगतं आणि लोकजैवविविधता नोंदवही करणं हे या समितीचं काम. माझं दुसरं प्रकरण आता तिथून सुरू होतं. नदीकाठच्या ग्रामपंचायतीत जायचं, नोंदवही मागायची आणि माशांचं पान उघडून कोणत्या डोहाचं नाव लिहिलंय ते पाहायचं.